मागे घेणारे दोघे

नाशिकचा कांदा घेऊन ट्रक चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात पोचतो, तेव्हा शेवटचे चाळीस फूट सगळ्यांत अवघड. गाडी उलटी घेऊन गाळ्याला लावायची. स्टिअरिंगवर ड्रायव्हर, खाली किन्नर, म्हणजे क्लीनर.

किन्नराने अगदी गाडीमागे उभे राहू नये. तिथे तो आरशात दिसत नाही आणि गाडी आलीच तर पळायला जागा नसते. त्याने ड्रायव्हरच्या बाजूला, जरा लांब आणि तिरके उभे राहावे. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला, तरच आपण त्याला दिसतो. किन्नर आरशातून नाहीसा झाला की ब्रेक, मग मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो.

‘डावीकडे, उजवीकडे’ ओरडल्याने घोळ होतो, कारण समोरासमोर असलेल्यांची डावी-उजवी उलटी असते. म्हणून ‘ड्रायव्हर साइड’ आणि केबिनमध्ये किन्नर बसतो ती ‘किन्नर साइड’ म्हणावे. ‘येऊ दे, येऊ दे’ लयीत चालते. ‘बस’ मात्र एकदाच, खणखणीत. इंजिनाच्या आवाजात शब्द विरतात, त्यामुळे हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात. रात्री टॉर्च हवीच.

साध्या ट्रकचे मागचे टोक स्टिअरिंग वळवाल तिकडे जाते. बंदरावरच्या कंटेनर ट्रेलरचे उलटे: ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडे. नवशिक्याने हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला धरावा. हात जाईल तिकडे ट्रेलर जातो. ट्रेलर फार दुमडू लागला तर ओढाताण करू नये. गाडी पुढे घ्यावी, सरळ करावी, पुन्हा मागे यावे. यात कमीपणा काहीच नाही. जुने ड्रायव्हरही तेच करतात.