दुसऱ्या पट्ट्याचा खटका

फळमाशीचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. ते घातल्यावर सुमारे तीन तासांत त्याच्या अंगाभोवती सात आडवे पट्टे उमटतात. ‘ईव्हन-स्किप्ड’ या जनुकाचं प्रथिन मुद्दाम रंगवलं तरच ते दिसतात. पण अळीच्या शरीराचे खंड पुढे याच आखणीच्या आधाराने पडतात. जनुक अर्धवट बिघडलं, तर एकाआड एक खंड बेपत्ता होतात. हायडेलबर्गला ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी अशाच अधुऱ्या अळ्या तपासून १९८० मध्ये जी जनुकं जगासमोर मांडली, त्यांतलंच हे एक.

सात एकसारखे पट्टे म्हटले की त्यांच्यामागे एकच लय असणार, असं वाटतं. दोन रसायनं एकमेकांवर परिणाम करत पसरली तर पट्टे आपोआप तयार होऊ शकतात, हे अ‍ॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये गणिताने दाखवलं होतं. ते गणित देखणं आहे. माशीने मात्र वेगळी वाट धरली. तिच्या या जनुकाच्या मागेपुढे डीएनएचे पाच निरनिराळे तुकडे आहेत. जनुक कुठे चालू व्हायचं ते ठरवणाऱ्या या खटक्यांना एन्हान्सर म्हणतात. तिघांकडे एकेक पट्टा आहे, दोघांकडे दोन-दोन.

त्यांतला दुसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर सर्वांत बारकाईने तपासला गेला. स्टीफन स्मॉल, मायकल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१-९२ मध्ये तो उलगडला. डीएनएची अवघी ४८० अक्षरं, आणि त्यांत प्रथिनं येऊन चिकटण्याच्या बारा जागा.

या वयाच्या अंड्यात केंद्रकं हजारोंनी असतात, पण त्यांच्यामध्ये पेशींचे पडदे अजून पुरे झालेले नसतात. म्हणून प्रथिनं मोकळेपणी पसरतात. आईने पुढच्या टोकाला ठेवलेल्या आरएनएपासून ‘बायकॉइड’ बनतं. ते पुढे दाट असतं आणि मागे विरळ होत जातं. त्याच्या जोडीला ‘हंचबॅक’. ही दोघं खटका चालू करतात आणि त्यासाठी बारापैकी सहा जागा आहेत. पण ही दोघं अंड्याच्या पुढच्या जवळजवळ अख्ख्या अर्ध्या भागात असतात. तेवढ्यावर सोडलं तर पट्टा होणार नाही, रुंद डाग होईल.

उरलेल्या सहा जागा मनाई करणाऱ्यांच्या आहेत. पुढच्या बाजूने ‘जायंट’ अडवतं, मागच्या बाजूने ‘क्र्युपेल’. जायंटच्या जागा पुसल्या की पट्टा पुढे फैलावतो. क्र्युपेलच्या पुसल्या की मागे. दोन मनाईंच्या मधल्या अरुंद फटीत, काही पेशींपुरतंच, जनुक बोलू शकतं. मला या साऱ्या रचनेत ही मनाईच सर्वांत मोलाची वाटते. ‘कर’ असं सांगणारे पुष्कळ आहेत. हद्दीची रेघ मात्र ‘इथे नको’ म्हणणाऱ्यांनी ओढली आहे. शिवाय प्रत्येक केंद्रक हा निवाडा आपापल्या जागी, आसपास किती प्रथिन आहे तेवढं पाहून करतं. संपूर्ण अंड्याचा नकाशा कोणापाशीच नसतो.

मायकल लुडविग, मार्टिन क्रेटमन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग याच तुकड्यावरचा. ‘स्यूडोऑब्स्क्युरा’ या दूरच्या फळमाशीत याची अक्षरं बरीच बदललेली आहेत, तरी पट्टा नेमक्या जागी पडतो. त्यांनी दोन्ही माशांच्या तुकड्यांचे अर्धे-अर्धे भाग जोडून पाहिले, तर पट्टा बिघडला. एका अर्ध्यात झालेला बदल त्याच माशीच्या दुसऱ्या अर्ध्याने पिढ्यान्‌पिढ्या भरून काढला होता. परक्या अर्ध्याकडे ती भरपाई नव्हती.