लाक्विला : भूकंपानंतरचे घर आणि शहर

मध्य इटलीतील अब्रुत्सो प्रांताची राजधानी असलेल्या लाक्विला शहरास ६ एप्रिल २००९ रोजी पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. त्यात ३०९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व साठ हजारांहून अधिक लोक बेघर झाले. मृतांमध्ये विद्यापीठाचे ५५ विद्यार्थी होते. त्यांपैकी आठ जण एकाच वसतिगृहात दगावले. भूकंपानंतर दशक उलटल्यावरही तेथे जाणाऱ्यास गावाबाहेरूनच क्रेनची रांग दिसे आणि जुन्या पेठेत परांच्यांखालून वाट काढावी लागे. सधन राष्ट्रातील, जेमतेम सत्तर हजार वस्तीच्या शहरास इतका काळ का लागावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपद्ग्रस्तांना छप्पर देणे आणि शहर पुन्हा वसविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. लाक्विलात पहिले कार्य विलक्षण वेगाने झाले. डोंगराळ प्रदेशातील हिवाळा तंबूत काढणे अशक्य असल्याने शासनाने शहराभोवतीच्या १९ जागी १८५ इमारती बांधल्या. त्यांतील सुमारे साडेचार हजार सदनिकांत पंधरा हजारांच्या आसपास लोकांची सोय झाली. प्रत्येक इमारत काँक्रीटच्या एका विस्तीर्ण फरशीवर उभी असून ती फरशी खांबांच्या माथ्यावरील सरकत्या आधारांवर टेकविलेली आहे. जमीन हादरली तरी वरच्या भागास तो हादरा सौम्य होऊन पोहोचावा, अशी ही योजना. सप्टेंबर २००९ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, पहिली कुटुंबे तेथे राहावयास गेली. ही कामगिरी लहान नव्हे.

परंतु तिची किंमतही मोठी होती. शेजार विखुरला. चौक, दुकाने, कचेऱ्या यांच्याभोवती गुंफलेले जीवन मोटारीच्या अंतरावर गेले. मराठी वाचकास येथे किल्लारीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भिंती सुरक्षित झाल्या, पण गल्ली, पार आणि आळीचा शेजार मात्र आखीव रस्त्यांच्या विस्तारात हरवला. लाक्विलातील फरक एवढाच, की तेथे जुने गाव सोडून द्यावयाचे नव्हते. ते फक्त बंद ठेवले गेले. ‘लाल क्षेत्र’ ठरलेल्या त्या भागावर सैनिकांचा पहारा होता. फेब्रुवारी २०१० मध्ये नागरिकांनी आपल्या घरांच्या किल्ल्या तेथील अडसरांवर टांगल्या. त्याच महिन्यात हातगाड्या घेऊन ते आत शिरले व स्वतःच ढिगारा उपसू लागले.

विलंबाचे मुख्य कारण मात्र जुन्या शहराच्या घडणीतच आहे. पुण्याच्या पेठांतील वाड्यांप्रमाणे तेथील घरे सामाईक भिंतींनी एकमेकांस जखडलेली आहेत. एक घर एकट्याने दुरुस्त करता येत नाही. केले तर पुढच्या भूकंपात शेजारचे दुबळे घर त्यास घेऊन पडेल. म्हणून अशा जोडघरांचा संपूर्ण गट हा दुरुस्तीचा एकक मानण्यात आला आणि मालकांना संघ स्थापून एकत्रित प्रस्ताव सादर करणे आवश्यक झाले. मालकांपैकी काही मृत, काही परदेशी, काहींच्या वारसांत मतभेद असणारच. त्यात १७०३ च्या भूकंपानंतर उभारलेल्या इमारती ऐतिहासिक वारसा असल्याने त्यांचे दर्शनी रूप बदलता येत नव्हते. जुन्या दगडी भिंतीत नवे बळ भरणे हे नवी भिंत बांधण्याहून कितीतरी सावकाशीचे काम आहे. शिवाय पाणी, वीज इत्यादी वाहिन्यांसाठी रस्त्यांखाली भुयार खणण्याचे काम निघाले. २०१२ मध्ये आणीबाणीची विशेष व्यवस्था संपून स्वतंत्र पुनर्बांधणी कार्यालये आली, त्यानंतरच कामास खरी गती मिळाली.

या गतीचा क्रम अध्यापकवर्गाने लक्षात घ्यावा असा आहे. कोल्लेमाज्जोची बॅसिलिका डिसेंबर २०१७ मध्ये खुली झाली. खासगी घरे एकामागून एक उभी राहिली. शाळा मात्र दशकानंतरही मोठ्या प्रमाणात तात्पुरत्या, कारखान्यात बनविलेल्या खोल्यांतच भरत होत्या. २००९ मध्ये पहिलीत गेलेल्या मुलाचे सारे शालेय शिक्षण अशाच खोल्यांत संपू शकले. घरामागे पाठपुरावा करणारा मालक असतो. सार्वजनिक इमारतीमागे निविदा आणि फाईल असते. इटलीपुरतेच हे खरे आहे, असे म्हणवत नाही.

विद्यापीठ तगले, याचे श्रेय मोठ्या अंशी विद्यार्थ्यांना आहे. भूकंपानंतर त्यांचे शुल्क माफ करण्यात आले होते. पुढे ग्रान सासो विज्ञान संस्था हे संशोधनकेंद्रही शहरात सुरू झाले. दुरुस्त झालेल्या पेठेत संध्याकाळी जी वर्दळ परतली ती प्रथम या तरुणांची. २०२६ साठी ‘इटलीची सांस्कृतिक राजधानी’ म्हणून लाक्विलाची निवड झाली. तथापि गजबजलेल्या उपाहारगृहांच्या वरच्या मजल्यांवर, नव्याने रंगविलेल्या कितीतरी खिडक्या त्या काळातही अंधाऱ्याच असत. ज्यांची ती घरे, त्यांतील अनेकांची मुले एव्हाना शहराबाहेरच वाढली होती.