नेटवर्किंगची पहिली परीक्षा : पालकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘मुलाला संगणकाचा कोणता कोर्स लावावा?’ विचारणाऱ्यांची कळकळ खरी असते. अनेकदा ते मूल घरातून अशा नोकरीकडे जाणारे पहिलेच असते आणि शुल्काची रक्कम घरखर्चातून किंवा उसनवारीने उभी राहायची असते. म्हणून प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोर्स आणि प्रमाणपत्र-परीक्षा या दोन भिन्न बाबी आहेत.

एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरता आहे. शासकीय नोकरीच्या अटींसाठी तिचा उपयोग आहेच. परंतु सीसीएनए, ए प्लस, नेटवर्क प्लस या परीक्षा निराळ्या जातीच्या आहेत. त्या घेणाऱ्या संस्था स्वतंत्र आहेत : सीसीएनए सिस्को या कंपनीची, तर उरलेल्या दोन कॉम्पटिया या संस्थेच्या. यांपैकी कोणत्याही परीक्षेस बसण्यासाठी पदवीची किंवा एखाद्या खाजगी क्लासच्या दाखल्याची अट नाही. क्लास शिकवू शकतो. प्रमाणपत्र देऊ शकत नाही. त्यामुळे ‘हमखास सर्टिफिकेट’ अशी पाटी दिसली, की पालकांनी एकच विचारावे : ‘या रकमेत मूळ परीक्षेचे शुल्क धरले आहे काय?’ सीसीएनएचे शुल्क ३०० डॉलर आहे. करासह ते आजच्या दराने पंचवीस हजार रुपयांच्या पुढे जाते आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा पूर्ण भरावे लागते.

कोणती परीक्षा द्यावी? ए प्लसमध्ये संगणकाची जुळणी, दुरुस्ती, कार्यप्रणाली असे विषय येतात. तिचे दोन पेपर असतात व दोहोंचे शुल्क स्वतंत्र असते. माझ्या मते आपल्या विद्यार्थ्याने ए प्लसचा अभ्यास अवश्य करावा, परंतु पैसा एकाच परीक्षेवर घालायचा असेल तर तो सीसीएनएवर घालावा. ही परीक्षा १२० मिनिटांची असते. २४ फेब्रुवारी २०२० पासून तिचे स्वरूप बदलले असून आता एकच पेपर असतो. ही तारीख जुनी पुस्तके विकत घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ईआयजीआरपीसारख्या विषयांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. आजच्या अभ्यासक्रमात ओएसपीएफ आहे, ईआयजीआरपी नाही. चालू अभ्यासक्रमाची यादी सिस्कोच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. तिच्यात प्रत्येक भागाचा भारही दिलेला असतो : नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, स्विचिंग २० टक्के, राउटिंग २५ टक्के. पहिले तीन महिने या तीन भागांनाच द्यावेत.

या तिन्ही भागांच्या मुळाशी एक गणित आहे, आणि बहुतेक विद्यार्थी तेथेच अडखळतात. त्याला सबनेटिंग म्हणतात. आयपी पत्ता म्हणजे ३२ बिटांची संख्या. तिचा आरंभीचा भाग वस्ती सांगतो व उरलेला भाग घर सांगतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.७० हा पत्ता असून त्यापुढे तिरकी रेघ देऊन २६ लिहिले आहे. याचा अर्थ २६ बिट वस्तीचे. उरले सहा. दोनाची दुप्पट करीत सहा पायऱ्या चढल्या, की २, ४, ८, १६, ३२, ६४. म्हणजे प्रत्येक वस्तीत ६४ पत्ते आणि वस्त्यांचा आरंभ ०, ६४, १२८ व १९२ येथे. आपला ७० हा ६४ ते १२७ या वस्तीत पडतो. त्यातील पहिला पत्ता, ६४, हे वस्तीचेच नाव. शेवटचा, १२७, सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव. यंत्रांना देण्याजोगे पत्ते उरले ६५ ते १२६, म्हणजे ६२.

ज्याला पाढे येतात त्याला हे येते. मात्र ते कॅल्क्युलेटरविना आणि अर्ध्या मिनिटात आले पाहिजे, कारण परीक्षेत यंत्र नेता येत नाही व सिस्कोच्या परीक्षेत मागील प्रश्नाकडे परतताही येत नाही. रोज दहा उदाहरणे वहीत सोडवावीत. महिनाभरात हात बसतो.

प्रत्यक्ष कामाचा सराव घरबसल्या शक्य आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नोंदणी केल्यास पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात पडद्यावरच राउटर, स्विच जोडता येतात, आज्ञा देता येतात. साध्या संगणकावरही ते चालते. शाळेच्या संगणक-कक्षात ते बसवणे फारसे अवघड नाही. जोडीला खरी केबल, आठ तारांचा क्रम आणि क्रिम्पिंगचे पक्कड एकदा तरी हाती घ्यावे. तांब्याची केबल शंभर मीटरपुढे नेऊ नये, हा नियम स्वतः केबल ओढणारा विसरत नाही.

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. बाजारात ‘डम्प’ मिळतात : परीक्षेतून चोरलेले प्रश्न व त्यांची उत्तरे. काही शिकवणारेही ते खुशाल वाटतात. सिस्को व कॉम्पटिया या दोहोंच्या नियमांनुसार असा वापर सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र रद्द होते व पुढील परीक्षांना बंदी येऊ शकते. परंतु खरी फजिती त्याआधीच, मुलाखतीत होते. समोरचा अभियंता पुस्तकातील व्याख्या विचारीत नाही. तो म्हणतो, ‘ग्राहकाच्या संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आहे. काय झाले असेल?’ समजून शिकलेला मुलगा सांगतो, की पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत संगणक पोहोचला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. आधी केबल पाहू. पाठ केलेला गप्प राहतो. प्रमाणपत्राने मुलाखतीचे दार उघडते, एवढेच.

इंग्रजीचे भय मराठी माध्यमातील मुलांना फार वाटते. परीक्षा इंग्रजीतच द्यावी लागते, हे खरे. परंतु तेथील इंग्रजी निबंधाचे नसून सूचनांचे असते. राउटर, गेटवे, सबनेट या शब्दांची मराठी भाषांतरे शोधत बसू नये. शब्द तेच ठेवून अर्थ मराठीत लिहावा आणि सोबत्याला मराठीत समजावून सांगावा. वसतिगृहात वाढलेल्या मुलांना गटाने अभ्यास करण्याची सवय असतेच. ती येथे उपयोगी पडते.

परीक्षेची वेळ निवडतानाही विचार हवा. सीसीएनए प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. बारावीनंतर लगेच घेतले, तर पदवी हाती येईपर्यंत ते संपत येते. म्हणून अभ्यास आधी सुरू करावा. शुल्क मात्र पदवीच्या किंवा पदविकेच्या अखेरच्या वर्षी भरावे.

आणि नोंदणीपूर्वी नावाची अक्षरे तपासावीत. परीक्षा केंद्रावर दाखवायच्या छायाचित्रासह ओळखपत्रावरील नाव आणि नोंदणीतील नाव इंग्रजी स्पेलिंगसह जुळावे लागते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे स्पेलिंग असणे नवे नाही. दुरुस्तीस वेळ लागतो. ते काम परीक्षेच्या तारखेआधी काही महिने हाती घ्यावे.