बंद दार आणि चुकलेले घड्याळ

जुलै २०२१. कोल्हापुरात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली. अशा वेळी नदीकाठच्या एका घरातील ताई पुण्याच्या कचेरीचे काम घरी बसून करीत आहे, अशी कल्पना करा. पाणी शिरेल या भीतीने तिचा टेबलावरचा संगणक आठ दिवस माळ्यावर ठेवलेला. पूर ओसरला, वीज आली, संगणक खाली आला. संध्याकाळपर्यंत चाळीस कामगारांच्या पगाराची यादी पुण्याला पोचवायची होती. पण कचेरीच्या जाळ्यात शिरण्यासाठी लागणारा व्हीपीएन काही केल्या सुरू होईना! खिडकी उघडे, क्षणभर 'जोडत आहे' असे म्हणे आणि बंद पडे.

ताईचा दहावीतला भाऊ शेजारी बसला होता. त्या दोघांनी दोष कसा शोधला हे पाहण्याआधी व्हीपीएन म्हणजे काय ते समजून घेऊ या.

पाकिटातले पाकीट

'व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क' म्हणजे आभासी खाजगी जाळे. समजा, तुम्ही एक पत्र सांकेतिक लिपीत लिहून पाकिटात घातले आणि ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घातले. पोस्टमनला फक्त बाहेरचा पत्ता दिसतो. व्हीपीएन हेच करतो. ताईचा मजकूर तो कुलूपबंद करतो आणि कचेरीच्या दारावरील संगणकाचा पत्ता घालून इंटरनेटच्या सार्वजनिक रस्त्याने पाठवतो. दारावरचा संगणक बाहेरचे पाकीट फोडून आतला मजकूर योग्य ठिकाणी देतो.

कुलूप आले की किल्ली आली. ती दोघांकडे पोचणार कशी? डिफी आणि हेलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की कधीही न भेटलेल्या दोघांना उघड्या तारेवरून बोलूनही गुप्त किल्ली ठरवता येते. परंतु एक अडचण उरते. पलीकडे बोलणारा खरोखर कचेरीचाच संगणक आहे की कोणी तोतया? म्हणून दारावरचा संगणक आपले प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर नाव असते, विश्वासू संस्थेची संगणकीय सही असते आणि 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' अशी मुदत असते. तिन्ही गोष्टी पटल्या तरच दार उघडते.

मोटर सुरू होत नाही तेव्हा

विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही, तर शेतकरी लगेच ती उपसून बाहेर काढत नाही. आधी वीज आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. सोपी तपासणी आधी, खर्चाची नंतर. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडतो. शिवाय दोन नियम पाळावेत : एका वेळी एकच बदल करावा आणि पडद्यावर आलेली सूचना शब्दशः वहीत उतरवून घ्यावी.

'सुरू होत नाही' या तक्रारीत तीन वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला : खिडकीच उघडत नाही. बहुधा आज्ञावलीची जुनी प्रत पडद्यामागे अडकून पडलेली असते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की ती निघून जाते. तसे न झाल्यास आज्ञावलीची एखादी फाईल बिघडलेली असू शकते. मग ती काढून, मूळ ठिकाणाहून घेऊन, पुन्हा बसवावी लागते.

दुसरा : खिडकी उघडते, पण पुढे काही घडत नाही. व्हीपीएन संगणकात एक आभासी नेटवर्क कार्ड तयार करतो. हे कार्ड हाताला लागत नाही. ते आज्ञावलीचेच बनलेले असते. ते चालवणारी सेवा बंद असेल, पुरेशी परवानगी नसेल किंवा संगणक अद्ययावत करताना त्या कार्डाचा ड्रायव्हर बिघडला असेल, तर गाडी इथेच अडते.

तिसरा : जोडणीचा प्रयत्न होतो, पण दार उघडत नाही. इंटरनेट बंद, पासवर्डची मुदत संपलेली, सुरक्षा-भिंतीचा अडथळा किंवा प्रमाणपत्र अमान्य, यांपैकी काहीतरी कारण असते.

ताईचा आजार तिसऱ्या प्रकारचा होता.

भावाची तपासणी

भावाने प्रथम इंटरनेट पाहिले. त्याच जोडणीवर मोबाईल उत्तम चालत होता. म्हणजे तार निर्दोष, दोष संगणकात. मग त्याने संगणकावर बँकेचे पान उघडले. तेथेही 'प्रमाणपत्र वैध नाही' अशी सूचना! म्हणजे दोष एकट्या व्हीपीएनचाही नव्हता. दोघांना समान अशी एखादी गोष्ट बिघडली होती.

ताई घाईला आली होती. "सूचना बाजूला सारून पुढे जाता येईल का रे?" तिने विचारले.

"नको ताई! तोतयाला ओळखायचा हाच तर एक उपाय आहे. आणि यादीत चाळीस जणांचे बँक-खाते आहे," भाऊ म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. "ताई, तारीख बघ!"

तेथे १ जानेवारी २०१२ असे दिसत होते. कोडे सुटले! प्रमाणपत्र २०२१ मध्ये दिलेले. संगणकाच्या मते ते अजून जन्मालाच आले नव्हते. आजची तारीख कोणती, हे संगणक स्वतःच्या घड्याळालाच विचारतो ना!

आठ दिवसांत काय झाले?

संगणकात क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हीच युक्ती असते. संगणकाची तार प्लगला जोडलेली असताना या घड्याळाला तिथून वीज मिळते. तार काढली, की एका नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर ते चालते. त्या सेलचे नाव बहुधा 'सीआर २०३२' असते. नावातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. ताईच्या संगणकातला सेल जुना होऊन संपत आला होता. रोज वीज मिळत होती तोवर ते कळले नाही. माळ्यावर मात्र घड्याळ थांबले आणि वीज येताच ठरावीक जुन्या तारखेपासून पुन्हा चालू लागले.

भावाने तारीख आणि वेळ दुरुस्त केली. व्हीपीएन पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला आणि यादी वेळेत पोचली. दुसऱ्या दिवशी संगणक बंद करून, प्लग काढून जाणत्या माणसाकडून नवा सेल बसवला. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास गंभीर इजा होते.

करून पाहा

घरातील क्वार्ट्झ घड्याळ मोबाईलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवा. ३० दिवसांनी किती सेकंदांचा फरक पडला ते लिहा. त्या संख्येला २५,९२,००० ने भागा. दर सेकंदाला तुमचे घड्याळ किती चुकते, हे कळेल. वर्गातल्या सर्वांची उत्तरे एका तक्त्यात मांडा आणि घड्याळांत एवढा फरक का पडतो, याची चर्चा शिक्षकांबरोबर करा.