दुष्काळानंतरचा पहिला पाऊस आणि सुप्याचा माळ

२०१८ च्या ऑक्टोबरात राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, बारामतीही त्यात होतं. पुढच्या जूनमध्ये पहिली मोठी सर पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य गाठलं. जेमतेम ५ चौरस किलोमीटरचा हा माळ, चिंकाऱ्यांचं घर. कुसळी अजून वाळलेलीच, पण वास! मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पावसाचा थेंब कोरड्या मातीवर आपटला की हवेचे बुडबुडे फुटतात आणि ते द्रव्य वर उडतं. त्यासाठी आपलं नाक विलक्षण तीक्ष्ण असतं.

पायवाटेवर उकिडवं बसा. मृगाचे किडे दिसतील, लालभडक, मखमली. नाव किडा, पण पाय आठ, म्हणजे नातं कोळ्याशी! वर्षाचा बहुतेक काळ ते जमिनीखालीच असतात; पाऊस पडला की खाण्यासाठी आणि जोडीदारासाठी वर येतात. वाळवीही ते खातात. यांची पिल्लं मात्र नाकतोड्यांच्या अंगावर चिकटून त्यांचा रस शोषतात. ऊन तापलं की किडे पुन्हा गडप, म्हणून नऊच्या आत पोहोचाच.

डबक्याशी बेडकांचा गलका होता. कित्येक महिने मातीत गाडून घेतलेले हे जीव एका सरीत बाहेर! मी तासभर तिथून हललो नाही.

जाताना रुळलेल्या वाटेनेच चला. ओल्या मातीत नवे कोंब असतात आणि टिटवीची अंडी तर उघड्यावर, खड्यांसारखीच दिसतात.