सहाध्यायी आधार (मानसिक आरोग्य)

सहाध्यायी आधार म्हणजे मानसिक ताण, एकाकीपणा किंवा निराशा अनुभवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याच वयाच्या व त्याच्यासारख्याच परिस्थितीतून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ऐकून घेऊन, सोबत देऊन आणि आवश्यक तेथे तज्ज्ञांपर्यंत पोहोचवून केलेले साहाय्य होय. हे साहाय्य प्रत्यक्ष संवाद, गटचर्चा, दूरध्वनी किंवा लेखन यांच्या माध्यमातून केले जाते. ते मानसोपचार नव्हे; अडचणीतील विद्यार्थी आणि उपचारव्यवस्था यांना जोडणारा दुवा असे त्याचे स्वरूप आहे.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये भारतात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 1,764 विद्यार्थी महाराष्ट्रातील होते व ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. या आकडेवारीत केवळ नोंदवलेले मृत्यू येतात. अभ्यास सोडून घरी परतणारे किंवा मूकपणे त्रास सहन करणारे विद्यार्थी तीत दिसत नाहीत.

परीक्षेतील अपयश, आर्थिक ओढाताण, कुटुंबाच्या अपेक्षा, शिक्षणाची अपरिचित भाषा आणि जातीवरून होणारा भेदभाव ही विद्यार्थ्यांवरील ताणाची प्रमुख कारणे मानली जातात. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला (2016) आणि मूळच्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातील निवासी डॉक्टर पायल तडवी (2019) यांच्या मृत्यूंनंतर शिक्षणसंस्थांमधील भेदभावाचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. या दोघांच्या मातांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. विद्यार्थ्याच्या मानसिक त्रासाकडे केवळ वैयक्तिक दुर्बलता म्हणून पाहता येत नाही, हा विचार या चर्चेतून पुढे आला.

इतिहास

समान अनुभवाच्या व्यक्तींनी एकमेकांना सावरण्याची आधुनिक परंपरा 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेपासून रूढ झाली. विद्यार्थ्यांपुरते पाहता, 1970 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात 'नाईटलाईन' ही विद्यार्थ्यांनीच चालवलेली रात्रीची दूरध्वनी सेवा सुरू झाली व पुढे तिचा प्रसार इतर विद्यापीठांत झाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲलिसन मॅलमन या विद्यार्थिनीने भावाच्या आत्महत्येनंतर विद्यार्थ्यांचा एक गट स्थापन केला. त्यातूनच 'ॲक्टिव्ह माइंड्स' ही संघटना उभी राहिली.

महाराष्ट्रात या कार्यपद्धतीची पायाभरणी प्रामुख्याने विद्यापीठांबाहेर झाली. अनिल अवचट यांनी 'गर्द' या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी उभ्या केलेल्या या केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीच नव्या रुग्णांना आधार देऊ लागल्या. लेखनातून समाजाचा प्रतिसाद आणि त्या प्रतिसादातून परस्पर आधाराची संस्था उभी राहिल्याचे हे मराठीतील ठळक उदाहरण आहे. ठाणे येथे 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आणि पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थांनी स्वमदत गटांची पद्धत रुजवली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'आय कॉल' सेवेत (2012) दूरध्वनीबरोबर ईमेलद्वारेही समुपदेशन केले जाते. मात्र तेथील समुपदेशक प्रशिक्षित व्यावसायिक असल्याने ती सहाध्यायी आधाराहून वेगळी ठरते.

लेखनाचे स्थान

भावना लिहून काढल्याने होणाऱ्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी केला. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 46 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस प्रत्येकी 15 मिनिटे लेखन केले. आघाताची घटना आणि तिच्याविषयीच्या भावना या दोन्हींविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात जाणे तुलनेने कमी झाले. परंतु लेखनानंतर लगेच त्यांची मनःस्थिती अधिक खिन्न झाल्याचेही दिसले. 2006 मध्ये 146 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लेखनाचा परिणाम लाभदायक, पण अल्प प्रमाणात असल्याचे आढळले. त्यामुळे लेखन हा पूरक मार्ग मानला जातो, उपचाराचा पर्याय नव्हे.

पेनेबेकर यांच्या प्रयोगातील लेखन खासगी होते. सहाध्यायी आधारात त्याला वाचक मिळतो. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत वार्षिक नियतकालिक, भित्तिपत्रक आणि हस्तलिखित अंक यांची जुनी परंपरा आहे. वसतिगृहातील पहिले वर्ष, नापास होणे किंवा घरची आठवण यांविषयी सहाध्यायाने लिहिलेला मजकूर वाचून 'हे केवळ माझ्याच वाट्याला आलेले नाही' याची जाणीव होते व मदत मागण्यातील संकोच कमी होऊ शकतो.

अशा लेखनाचे संपादन करताना काही पथ्ये पाळली जातात. लेखकाची लेखी संमती घेणे, नाव गुप्त ठेवण्याची व मजकूर मागे घेण्याची मुभा देणे, तसेच उल्लेखिलेल्या इतर व्यक्तींची ओळख उघड न करणे ही त्यांपैकी प्रमुख होत. आत्महत्येच्या पद्धतीचे वर्णन किंवा तिचे उदात्तीकरण टाळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रसारमाध्यमांना सूचना आहे. भारतीय प्रेस परिषदेने 2019 मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. छापण्यासाठी आलेल्या मजकुरातून तातडीचा धोका सूचित होत असल्यास त्याच्या प्रसिद्धीचा विचार नंतर केला जातो. प्रथम लेखकाशी संपर्क साधला जातो.

कार्यपद्धती

सहाध्यायी स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणात मध्येच न तोडता ऐकणे, उपदेश वा तुलना टाळणे, धोक्याची चिन्हे ओळखणे, आत्महत्येच्या विचारांविषयी थेट पण शांतपणे विचारणे आणि तज्ज्ञांकडे पाठवणे यांचा समावेश असतो. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा मानला जातो. गोपनीयता हा या कार्याचा पाया असला तरी जिवाला धोका असताना ती बाजूला ठेवावी लागते, हे संवादाच्या आरंभीच स्पष्ट केले जाते.

तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित व्यक्ती उपयुक्त ठरू शकतात याला गोव्यातील संशोधनाचा आधार आहे. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शासकीय प्राथमिक आरोग्यकेंद्रांत अशा समुपदेशकांच्या सहभागामुळे नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना लाभ झाल्याचे आढळले. तेथे समुपदेशकांमागे तज्ज्ञांची देखरेख होती, ही बाब विद्यार्थी-गटांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ग्रामीण व आदिवासी भागातील संदर्भ

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील विसरवाडी हे सुरत–धुळे महामार्गावरील गाव आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. या परिसरातील अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा मावची, भिली, कोकणी वा अहिराणी असते, शिक्षण प्रमाण मराठीत होते आणि उच्च शिक्षणात इंग्रजीशी गाठ पडते. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना 1990) कार्यक्षेत्रात येतात, ते जळगाव येथे, विसरवाडीपासून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे.

अशा ठिकाणी सहाध्यायी आधाराचे महत्त्व भाषेमुळे वाढते. 'नैराश्य' किंवा 'चिंताविकार' या संज्ञा पाठ्यपुस्तकातील आहेत. बोलताना मात्र 'मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'डोके जड होते' असे शब्दप्रयोग केले जातात. घरच्या बोलीत सांगितलेली व्यथा त्याच बोलीतल्या मित्राला विनासायास कळते आणि तोच ती डॉक्टरांपर्यंत नेऊ शकतो. लेखनाची सक्ती मात्र येथे अडसर ठरू शकते. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ ओळखले जाते, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी रचलेल्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या आणि 1952 मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, अशी पद्धत बोलीभाषिक विद्यार्थ्यांच्या गटातही अवलंबता येते.

मर्यादा आणि टीका

सहाध्यायी स्वयंसेवक स्वतः विद्यार्थी असल्याने इतरांचे दुःख ऐकण्याचा भार त्याच्यावर पडतो. त्यासाठी पाळ्या ठरवणे, ठरावीक काळाने मार्गदर्शकाशी चर्चा करणे आणि काम थांबवण्याची मोकळीक देणे आवश्यक मानले जाते. लहान गावात सर्वजण एकमेकांना ओळखत असल्याने गोपनीयता राखणे कठीण जाते. समुपदेशकाची नेमणूक टाळण्यासाठी संस्था विद्यार्थी-गटाचा वापर करू शकतात, तसेच शिष्यवृत्तीतील विलंब किंवा भेदभाव यांसारखी कारणे कायम ठेवून केवळ मनोबल वाढवण्यावर भर दिला जातो, अशी टीकाही होते.

कायदा आणि धोरण

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली असल्याचे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा न करता तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. कलम 23 नुसार मानसिक आजाराच्या व्यक्तीला उपचारविषयक गोपनीयतेचा हक्क आहे. शिक्षण मंत्रालयाने 2020 मध्ये विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' हा उपक्रम सुरू केला. 10 ऑक्टोबर 2022 पासून 'टेलिमानस' ही राष्ट्रीय सेवा 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह विविध भारतीय भाषांत अहोरात्र उपलब्ध आहे.

हेही पाहा

मानसिक आरोग्य
समुपदेशन
स्वमदत गट
मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ