ओझं, घाट आणि ऑक्टेन

वाराणसीहून गाडीनं नागपूरकडे निघालेलं मराठी कुटुंब शहर सोडण्याआधी टाकी भरून घेतं. गाडीत सहा-सात माणसं, मागे गंगाजळाचे कॅन, टपावर कॅरिअरला बांधलेल्या बॅगा. पंपावरचा पोरगा विचारतो, सादा की प्रीमियम? गाडीतलं कुणीतरी म्हणतं, ‘एवढं ओझं आहे, पुढे घाट आहे, आज चांगलं टाकू या.’ हाच प्रश्न पेट्रोलवर चालणाऱ्या ‘छोटा हत्ती’ या छोट्या मालगाडीच्या मालकालाही पडतो, कारण लिटरमागे सहा-आठ रुपयांचा फरक त्याच्या रोजच्या कमाईतून जातो. अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर जोडणारे लोक याच प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र पेट्रोलच्या नावात सापडत नाही, ते इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शोधावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ऑक्टेनचा आकडा वाढला म्हणून पेट्रोलमधली ऊर्जा वाढत नाही. दाब आणि उष्णता वाढत असतानाही ठिणगीशिवाय आपोआप पेट न घेता इंधन किती तग धरतं, एवढंच तो आकडा सांगतो. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका बाजूनं पसरत जाते. ती कोपऱ्यात पोहोचण्याआधीच तिथलं उरलेलं मिश्रण दाबानं तापून एकदम भडकलं, की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. त्याचा धातूवर ठोकल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन नॉक मारतंय. हे जोरात आणि बराच वेळ चाललं तर पिस्टनला इजा होते.

नॉकिंग नेमकं केव्हा होतं? पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असतो तेव्हा, कारण सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त हवा शिरते आणि दाब वाढतो. गाडी वरच्या गिअरमध्ये रखडत असते तेव्हाही, कारण इंजिनाचे फेरे कमी असल्यानं कोपऱ्यातल्या मिश्रणाला भडकायला जास्त वेळ मिळतो. आत येणारी हवा तापलेली असते तेव्हा तर हमखास. मे महिन्यात वाराणसीचा पारा ४५ अंशांकडे जातो, आणि शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ८० मीटरवर आहे. साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात हवेचा दाब तिथल्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी असतो, त्यामुळे तेच इंजिन पुण्यात थोडं निवांत असतं. उंचीवर हवा विरळ असल्यानं नॉकिंग कमी होतं, म्हणूनच अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या राज्यांमध्ये कमी ऑक्टेनचं पेट्रोल खुशाल विकलं जातं.

वाराणसीच्या आसपास मात्र चढच नाही. गंगेचं मैदान सपाट आहे. खरी परीक्षा मिर्झापूर ओलांडल्यावर येते. वाराणसीहून निघून नागपूरमार्गे कन्याकुमारीला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ७ द्रमंडगंजच्या घाटानं विंध्याच्या पठारावर चढतो आणि हनुमना, मऊगंजवरून सुमारे तीनशे मीटर उंचीवरच्या रीव्याकडे जातो. ओझ्यासकट अडीच टन वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरनं चालवायला चाकांपाशी पाच-सहा अश्वशक्ती पुरते. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ त्याच वेगानं चढायचा तर आणखी अठरा अश्वशक्ती लागते. म्हणजे मागणी चौपटीच्या वर जाते आणि इंजिन नॉकिंगच्या उंबरठ्यावर येतं.

आजची इंजिनं या उंबरठ्यावर स्वतःच सावरतात. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर सेकंदाला सहा-सात हजार कंपनांची ती थरथर ऐकतो, आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण जोर कमी होतो आणि इंधन जास्त जळतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल इथेच उपयोगी पडतं, कारण ठिणगी मागे खेचावी लागत नाही. टर्बो इंजिनात सिलिंडरमध्ये हवा दाबून भरलेली असते, म्हणून तिथे फरक अधिक जाणवतो. फोर्डनं टर्बो पिकअपच्या माहितीपुस्तिकेत प्रीमियमचा फायदा कडक उन्हात आणि ट्रेलर ओढताना सर्वात जास्त जाणवेल, असं लिहिलं आहे. साध्या, बिनटर्बोच्या आणि कमी दाबाच्या इंजिनाला मात्र ठिणगी मागे घ्यावी लागतच नसेल, तर महागड्या पेट्रोलातून काहीच मिळत नाही.

पैशांचा हिशेब याहून रोखठोक आहे. आपल्याकडे ९५ ऑक्टेनचं प्रीमियम साधारण सात टक्के महाग पडतं. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालक संघटनेनं २०१७मध्ये प्रीमियमची शिफारस असलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा मायलेज सरासरी २.७ टक्के वाढलं. म्हणजे उत्पादकानं स्वतः शिफारस केलेल्या गाडीतही खर्च भरून निघणं कठीण.

आपल्याकडे तर आता एक मोठा फरक पडला आहे, आणि तो पुरेशा लोकांपर्यंत पोहोचलेला नाही याची मला खंत वाटते. पूर्वी आपलं साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं होतं, नंतर ते ९१ झालं. ऑगस्ट २०२५मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं सांगितलं, की २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे ते ९५पर्यंत गेलं आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८च्या वर आहे. शिवाय त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे काही इंजिनांत आतलं मिश्रण थंडही होतं. म्हणजे इथेनॉलनं साध्या पेट्रोलला जवळपास ९५च्या प्रीमियमच्या पंक्तीला नेऊन बसवलं आहे. बदल्यात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, ही गोष्टही लपवू नये. पण ओझ्याच्या चढावर नॉकिंग टाळण्यासाठी ९५चं प्रीमियम घेण्याचं कारण आता फारसं उरलेलं नाही. त्यात मिसळलेली, इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं हवी असतील, तर तेवढ्यासाठी घ्यावं. १०० ऑक्टेनचं पेट्रोल दीडपटीहून महाग असतं, आणि छोटा हत्ती किंवा कुटुंबाच्या गाडीसाठी ते घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

पेट्रोलहून जास्त ऑक्टेनचं इंधनही वाराणसीत मिळतं. नमो घाटावर गेल कंपनीचं तरंगतं सीएनजी केंद्र आहे, तिथे होड्या गॅस भरून घेतात. या गॅसमधल्या मिथेनचा ऑक्टेन १२०च्या आसपास आहे. तरीही मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या मालगाडीचं इंजिन पेट्रोलवर सुमारे ८० अश्वशक्ती देतं आणि सीएनजीवर ७१-७२. गॅस सिलिंडरमधली हवेची जागा व्यापतो, म्हणून जोर उतरतो. ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर हा आकडा उलटा दिसला असता.

बोलेरो पिकअपसारख्या डिझेल गाड्यांना हा प्रश्नच लागू नाही. डिझेल इंजिनात इंधन दाबानं पेटायलाच हवं असतं, आणि तिथे सिटेन नावाचा वेगळाच आकडा पाहतात.

तेव्हा टाकी भरण्याआधी इंधनझाकणाच्या आतलं लेबल आणि गाडीची पुस्तिका वाचावी. किमान ९५ लिहिलं असेल, तर ते काटेकोरपणे पाळावं. ९१ लिहिलं असेल, तर साधंच घ्यावं, आणि गाडीला इथेनॉलमिश्रित पेट्रोल चालतं का तेवढं तपासावं. द्रमंडगंजच्या चढाला गाडी वरच्या गिअरमध्ये रेटू नये. वेळीच खालचा गिअर टाकून फेरे वाढवले, की कोपऱ्यातल्या मिश्रणाला भडकायला वेळच मिळत नाही. टायरची हवा ओझ्याच्या तक्त्याप्रमाणे भरावी, रेडिएटरचं कूलंट पाहून घ्यावं, आणि मे महिन्यात हा चढ पहाटेच्या गारव्यात पार करता येईल अशा बेतानं वाराणसी सोडावी.